दुखलं की थांबायचं

सडेवाडीत धाकू नावाचा एक गडी राहायचा. भोळा. म्हणजे बायकोसमोर लोक त्याला भोळा म्हणायचे, पाठीमागे दुसरं काहीतरी म्हणायचे.

शिमग्याला महिना उरला आणि धाकूचा उजवा गुडघा धरला. आली का पंचाईत! देवीच्या पालखीचा पुढचा खांदा धाकूच्या घराण्याचा. आजोबांनी दिला, बापाने दिला. धाकूला जमलं नाही तर मान चुलतभावाकडे, बाबूकडे जाणार. मागचा खांदा बाबूचाच होता, पण डोळा पुढच्यावर. आणि पालखी म्हणजे काही चेष्टा नव्हे. एकदा उचलली की देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर, सहाणेवरच टेकवायची. ज्या सहाणेवर टेकेल तिथे देवी वर्षभर राहते.

"अहो, निमकरबाईंकडे जा," बायको सुगंधा म्हणाली. "शाळेच्या पडवीत सांधेदुखीची योगासनं शिकवतात. म्हातारीकोतारी तिथून टुणटुणीत होऊन येतात."

धाकू गेला. बाई म्हणाल्या, "हळूहळू करायचं. जोर लावायचा नाही. आणि दुखलं की थांबायचं, तिथल्या तिथे."

धाकू घरी निघाला. ओढ्यावरच्या अरुंद साकवाच्या बरोबर मधोमध गुडघ्यात कळ आली. धाकू थांबला. मागे मोळ्या घेतलेल्या बायका, पुढे शेरडं.

"अरे, सरक की मेल्या!"

"दुखतंय."

"मग घरी जा!"

"दुखतंय म्हणून तर थांबलोय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कळ गेली, आणि धाकूही गेला.

"अरे, आसनात थांबायचं, रस्त्यात नाही!" दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या.

"मग तसं सांगायचं ना!"

"बरं. आज डोळे मीट. सगळं लक्ष श्वासाकडे. दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही."

घरी सुगंधाने चुलीवर दूध ठेवलं होतं. "जरा लक्ष ठेवा, मी विहिरीवर जाऊन येते." धाकूने चुलीपुढे बसून डोळे मिटले. दूध उतू गेलं, चूल विझली. उरलेलं मांजराने निवांत संपवलं.

"अहो, लक्ष कुठे होतं तुमचं?"

"श्वासाकडे. एक चुकू दिला नाही."

"अरे देवा, कामाच्या वेळी लक्ष कामाकडे!" पुढच्या सकाळी निमकरबाईंनी कपाळाला हात लावला.

"मग तसं सांगायचं ना!"

"आज शवासन. आडवा हो. अंग सैल सोड. काहीही धरून ठेवायचं नाही. बघ कसं हलकं वाटतं."

दुपारी बाबू फणसावर चढला. खाली शिडी धरायला धाकू. "दादा, घट्ट धर हां!" धाकूने अगदी कामाकडे लक्ष दिलं. तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं, की आपण काहीतरी धरून ठेवलंय. त्याने सैल सोडलं. शिडी एकीकडे, फणस दुसरीकडे आणि बाबू शेणाच्या खड्ड्यात.

"हलकं वाटतंय का रे?" धाकूने प्रेमाने विचारलं.

बाबू लंगडत घरी गेला. आता त्याचाही गुडघा धरला, पण मानापायी त्याने कुणाला सांगितलं नाही.

एवढं होऊनही धाकूने बाईंची एक सकाळ चुकवली नाही, हे मात्र खरं. शिमग्याच्या आदल्या दिवशी तो नाचतच आला. "बाई, दुखत नाही! आता थांबू?"

"छे, छे! दुखत नाही तर अजिबात थांबायचं नाही. थांबलास की परत धरेल."

धाकूने ते मनात पक्कं केलं.

शिमग्याला ढोल वाजले. पुढे धाकू, मागे बाबू. पालखी गावभर नाचली आणि सहाणेपाशी आली. सुगंधा आरती घेऊन उभी होती, डोळे भरून आले होते तिचे. मान राहिला! धाकूने सहाणेला नमस्कार केला आणि तो पुढे निघाला.

"दादा, थांब!" बाबू ओरडला.

"का? दुखत नाही."

"अरे, माझं दुखतंय!"

"मग तू थांब."

आता पालखीखाली बाबू कसा थांबणार? मधेच खांदा काढायचा नाही. एक वळसा, दोन शेतं, मग उघड्या कातळाचा सडा. मागे ढोलवाले धावतायत, त्यांच्यामागे सगळं गाव. धाकूचा गुडघा कसा लोण्यासारखा चालत होता. सडा उतरल्यावर आली कोंडवाडी. ही देवी मूळची आमची, म्हणून चाळीस वर्षं सडेवाडीशी भांडणारी कोंडवाडी! देवी आपणहून आलेली बघून तिथले म्हातारे रडायलाच लागले.

आणि कोंडवाडीच्या सहाणेपाशी धाकूच्या गुडघ्यात बारीकशी कळ आली.

धाकू थांबला. श्वास सोडत, हळूहळू, जोर न लावता त्याने पालखी सहाणेवर टेकवली. अगदी बाईंनी शिकवल्यासारखी.

कोंडवाडीत गुलाल उडाला. सडेवाडीचे गावप्रमुख तात्या गावकर धापा टाकत पोचले तेव्हा धाकूच्या गळ्यात हार पडला होता.

"गाढवा! आपल्या सहाणेवर थांबायला काय झालं होतं तुला?"

"तात्या," धाकू म्हणाला, "तिथे कुठे दुखत होतं?"