पेरीनने अडवलेली होडी

मोठ्या नदीच्या वळणावर आन्स-ओ-बेर्सो नावाचं गाव आहे. आपल्या भाषेत म्हणायचं तर पाळण्याची खाडी. बर्फ फुटून नदी मोकळी झाली, की इथे काठावर होड्या ओळीने मांडतात आणि त्यांत बायका जाऊन बसतात. होड्या पाण्यात नाहीत, कोरड्या जमिनीवर! पाहुण्यांना हसू येतं. गावची म्हातारी ओदिल त्यांना पोटभर हसू देते आणि मग सांगायला लागते.

फार वर्षांपूर्वी इथे म्हणे फ्रान्सच्या राजाची वसाहत होती. वसाहत कसली, बीव्हरच्या कातड्यांचा बाजार! जंगलातल्या मूळ रहिवाशांकडून कातडी आणायची आणि जहाजावर चढवायची, एवढाच उद्योग. वस्ती काही वाढेना. म्हणून राजाने जहाजं भरून लग्नाच्या मुली धाडल्या आणि हुकूम काढला, की बायको नसेल त्याला जंगलात जायचा परवाना नाही. झालं! गड्यांनी पटापट लग्नं उरकली, परवाने खिशात घातले आणि नदी मोकळी होताच पसार झाले. गव्हर्नर मात्र खूश. घरं वाढली म्हणजे गाव वसलं, असं त्याला वाटे.

पेरीन अशाच एका जहाजातून आलेली. नवरा मातुरें माणूस वाईट नव्हता, पण जंगलाचं वेड अंगात भिनलेलं. वसंतात जायचा तो उन्हाळा सरताना उगवायचा. शेतात तोडलेल्या झाडांचे बुंधे तसेच पडून. पेरीन एकटी कुदळीने खणेल तेवढंच पिकायचं. थोरली लेक झाली त्याच हिवाळ्यात घरातलं पीठ संपलं, पेरीनचं दूध आटलं आणि ती तान्ही पोर गेली. घरात तेव्हा कातड्यांची चळत छताला टेकली होती. कातडी काही शिजवून खाता येत नाहीत, असं ओदिल सांगते.

त्यानंतरच्या वर्षी वसंतात पेरीनचे पुन्हा दिवस भरत आले होते. मातुरेंने भूर्जाच्या सालीची होडी काठावर आणली, राळेने सांधे बुजवले. अशी होडी फार नाजूक. ती पाण्यावर तरंगल्याशिवाय आत कुणी पाय ठेवायचा नाही, नाहीतर खड्यांवर तळ फाटतो. पेरीन आली आणि सरळ आत जाऊन बसली.

"अगं, ऊठ! तळ जाईल!" मातुरें ओरडला.

"जाऊ दे. ओढायला गेलात तर उभी फाटेल."

"तुला झालंय तरी काय?"

"आधी पेरणी करा, मग उठते. हे पोर मी उपाशी मरू देणार नाही."

तो हसला. भूक लागली की उठेल, असं सोबत्यांना म्हणाला. पण दुपारपर्यंत शेजारणीही आपापल्या नवऱ्यांच्या होड्यांत येऊन बसल्या. पाद्रीबाबा समजूत घालायला आले. त्यांना पेरीन म्हणाली, "लग्नं तुम्हीच लावलीत ना? मग यांना पेरायलाही सांगा." बाबा आल्या पावली परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मातुरेंची पाचावर धारण बसली. घरी चल म्हणून त्याने हात जोडले. ती दात आवळून एवढंच म्हणाली, "शेतावर जा." तेव्हा कुठे तो वळला, आणि त्याच्यामागून बाकीचे गडीही निमूट गेले. असं सांगतात, की पोराचा पहिला टाहो काठावरून थेट शेतात ऐकू आला, तेव्हा मातुरेंच्या मुठीत गहू होता. मुलगी झाली होती. ती जगली. गावातली निम्मी घरं तिच्याच वंशातली.

आजही बर्फ फुटलं की बायका होड्यांत बसतात आणि पेरणीला सुरुवात झाल्याचा निरोप आल्यावरच उठतात. ओळीच्या टोकाला मात्र एक लहानशी होडी रिकामी ठेवलेली असते. एखादी पाहुणी हौसेने तिकडे वळली, तर ओदिल तिचा हात धरते.

"तिथे नको, बाई," ती म्हणते. "ती थोरलीची जागा."