खारवण्याची नवशीआय आणि वाटीतला केस

समुद्र आजच्यापेक्षा दोन शेतं अलीकडे होता, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, पुढे सरका. म्हाताऱ्यांनो, तुम्हीही या. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून काय झालं, गोड गोष्ट दोनदा ऐकली तरी गोडच लागते!

फार वर्षांपूर्वी आपल्या या खारवणे गावात मिठाशिवाय दुसरा धंदा नव्हता. खाडीचं पाणी बांधावरून आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं, आणि ते टोपलीत भरून डोक्यावरून वाहायचं. वाहायच्या बाया. ओल्या मिठाच्या टोपलीतून खारं पाणी थेंबथेंब गळायचं ते थेट केसांत. त्यात वरून ऊन आणि समोरून वारा. महिन्याभरात केसांचा नुसता काथ्या व्हायचा. लाल, राठ, चारी बाजूंना उभा. विंचरायला जावं तर फणी मोडायची आणि खाली डोक्याला फोड यायचे.

म्हणून गावात एक रीत पडली होती. कार्तिकात मिठागरं सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मिठाला जाणाऱ्या प्रत्येक बाईनं केस द्यायचे. बांधावर ओळीनं बसायचं आणि भिकूमायच्या वस्तऱ्याखाली मान वाकवायची. भिकूमाय गावातली सगळ्यात वडीलधारी. तिनं स्वतः चाळीस वर्षं केस ठेवले नव्हते. ती दुष्ट नव्हती हो. तिच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यातले फोड चिघळले होते आणि त्या तापात ती गेली होती. तेव्हापासून भिकूमाय म्हणायची, "केस परत येतात. माणूस येत नाही."

तर त्या वर्षी ओळीत गोदी बसली. बारा वर्षांची. पहिल्यांदाच मिठाला निघालेली. तिनं आपली वेणी दोन्ही हातांनी घट्ट छातीशी धरली होती आणि ती सोडेना. तिच्या मागे तिची थोरली बहीण बसली होती, नवशी. सोळा वर्षांची, चार वेळा केस दिलेली. भिकूमायनं वस्तरा उचलला आणि नवशी उठून मधे उभी राहिली.

"माय, हिचे नको कापू."

"बाजूला हो गो नवशी. रीत आहे."

"मला एक वर्ष दे. या वर्षीच्या पाच नव्या पोरींचे केस मी सांभाळते. पुढच्या कार्तिकाला एकीचं जरी डोकं खराब निघालं, तर वस्तरा मी धरीन. पहिले गोदीचे कापीन."

भिकूमायनं वस्तरा मिटला. "दिलं वर्ष," ती म्हणाली. "पण फोड दिसला, तर त्याच दिवशी येईन."

आणि मग काय! नवशी धावतच सुटली. जत्रेत एक तेलवाला बसायचा. त्याच्याकडे एकच तेल, हिरव्या बाटलीतलं, आणि तोंडात एकच वाक्य, "कुठलाही केस आणा, हेच लावा!" वास असा की माशा भुलाव्यात. नवशीनं आपल्या पायातले वाळे देऊन ती बाटली घेतली आणि मिठावरून आलेल्या पाचही पोरींच्या डोक्यांना चोपडली. दोन दिवस केस चमकले. तिसऱ्या दिवशी त्यांचा चिकट गोळा झाला. मीठ आत तसंच, वर तेलाचा थर, त्यावर खाडीची माती! एका पोरीच्या मानेवर पहिली पुळी आली. नवशीनं ती पदराखाली झाकली आणि डोंगराकडे निघाली.

डोंगरावर सोमी कातकरीण राहायची. असं म्हणतात, की तिला रानातल्या प्रत्येक झाडाची चव जिभेवर पाठ होती. नवशीनं तिला सगळं सांगितलं. सोमी इतकी हसली, इतकी हसली, की झाडावरची माकडं थांबून बघू लागली.

"अगं, उष्ट्या ताटात कोणी वाढतं का? आधी मीठ काढ. गोड्या पाण्यानं. मग बाकीचं."

आणि तिनं नवशीच्या ओटीत शिकेकाईच्या शेंगा, रिठे, जास्वंदीची पानं, मेथी, जवस असं काय काय घातलं.

"यातलं कुठलं लावू?" नवशीनं विचारलं.

"ते मला काय विचारतेस? केसाला विचार."

केसाला विचार! आता केस बोलतो का? पण गोडं पाणी मात्र नवशीला कळलं. गावात गोडं पाणी नव्हतं. ते डोंगराच्या पोटातल्या झऱ्याला. त्या दिवसापासून ती रोज पहाटे दोन घागरी घेऊन वर जायची आणि भरून खाली यायची. तिच्या पायांनी जी वाट पडली, ती अजून आहे. तिच्यावर गवत उगवत नाही, असं म्हणतात.

गोड्या पाण्यानं पुळ्या बसल्या. मग तिनं रिठ्याचा फेस काढून पाचही पोरींना न्हाऊ घातलं. चौघींचे केस मोकळे झाले. पाचवी गोदी. गोदीच्या केसांतून नवशीनं हात फिरवला आणि मूठभर केस हातात आले.

गोदी रडली नाही. नुसती बघत राहिली. ते जास्त वाईट. "ताई," ती म्हणाली, "कापून टाक ना. मला चालेल."

नवशी ओसरीवर बसली. भर दुपार. समोर पाण्याची पितळी वाटी, मांडीवर गोदीचे तुटलेले केस. त्यातला एक केस उडून वाटीत पडला आणि बघता बघता बुडाला. दगडासारखा तळाला! नवशी ताठ बसली. तिनं दुसऱ्या पोरीला हाक मारली, तिचा एक केस घेतला, वाटीत टाकला. तो तरंगला. तिसरीचाही तरंगला. चौथीचा जरासा आत गेला आणि मधेच थांबला. पुन्हा गोदीचा टाकला. बुडाला!

"बोलला!" नवशी ओरडली. "गोदे, तुझा केस बोलला! तो तहानलेला आहे गो! मिठानं त्याला जागोजागी भोकं पडलीत, म्हणून पाणी दिसलं की घटाघटा पितो. आणि मी त्यालाच रिठ्यानं आणखी सुकवला!"

असं म्हणतात, की ती आनंदानं ओसरीवरून अशी उडाली, की थेट अंगणातल्या शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसली.

त्यानंतर कोणाला काय लावायचं ते वाटी ठरवू लागली. तरंगणाऱ्या केसाला शिकेकाई आणि दोन बोटांवर मावेल इतकंच तेल. जास्त लावलं तर तो चिपकून बसे. बुडणाऱ्या केसाला रिठा बंद. त्याला मेथीचा नाहीतर जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत गर, वर नारळाचं दूध. जो केस मधेच थांबे आणि वाऱ्यावर फुलून उभा राही, त्याला जवस उकळून काढलेला चीक, तोही केस ओले असतानाच. आणि सगळ्यांनाच एक नेम, मिठाला निघण्याआधी खोबरेल. "पोट भरलेलं असलं, की मीठ गिळायला जागाच उरत नाही," नवशी म्हणायची. केस पुसायचे ते जुन्या मऊ लुगड्यानं, टिपून, घासून नाही. विंचरायचे टोकाकडून वर.

महिने गेले. पुढचा कार्तिक आला. सगळं गाव बांधावर जमलं, आणि शेजारच्या चार गावांतली माणसंसुद्धा होड्या करून आली. पाच पोरी ओळीनं उभ्या राहिल्या, डोक्यांना फडकी बांधून. भिकूमाय वस्तरा घेऊन आली. त्या दिवशी वारा असा होता, की होड्या दोरांना हिसके देत होत्या. फुलवायचे तेवढे केस फुलवणारा, दुष्ट वारा!

"सोडा," भिकूमाय म्हणाली.

पोरींनी फडकी सोडली. आणि काय सांगू! पाच काळ्या नद्या वाऱ्यावर वाहू लागल्या! एक केस वेगळा उभा राहीना. त्यांची सावली मिठागरावर पडली तेव्हा बगळ्यांना वाटलं पावसाळा आला, आणि शंभर बगळे एकदम उडाले, असं म्हणतात.

पण भिकूमाय भुलली नाही. तिनं प्रत्येकीची मान पाहिली, कानांमागे पाहिलं, भांग पाडून पाहिलं. फोड नाही. मग ती गोदीसमोर थांबली, तिचा एक केस उपटला आणि गाठ मारून मिठाच्या भरल्या टोपलीच्या कडीत ओवला.

"माय, एक केस तो!" कोणीतरी ओरडलं.

भिकूमायनं केस उचलला. टोपली जमिनीवरून सुटली. एक वीत. दोन विती. मीठ गळत होतं, वारा हिसके देत होता, केस थरथरत होता. पण तुटला नाही! गाव असं ओरडलं, की पलीकडच्या काठावरची माणसं दाराबाहेर आली.

भिकूमायनं टोपली खाली ठेवली. वस्तरा उचलला आणि खाडीत फेकला. असा लांब, की तो पडल्याचा आवाज कोणाला आलाच नाही. मग ती नवशीपुढे मांडी घालून बसली, डोक्यावरचा पदर काढला आणि हळूच म्हणाली, "माझं बघशील का गो?"

चाळीस वर्षं तासलेलं डोकं. नवशीनं कानामागचा एक बारीक पांढरा खुंट काढला, वाटीत टाकला. दोघी वाकून बघत राहिल्या.

"तरंगतोय, माय," नवशी म्हणाली. "अजून तरंगतोय."

भिकूमाय मोठ्यानं रडली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा. पुढच्या कार्तिकापर्यंत तिचे केस कमरेपर्यंत आले, मिठासारखे पांढरेशुभ्र, आणि ती ते मोकळे सोडून बांधावरून मुद्दाम दोन दोन फेऱ्या मारायची.

नवशीची पुढे नवशीआय झाली. शंभर वर्षं जगली, कोणी एकशे वीस म्हणतात. शेवटी एका सकाळी घागरी घेऊन झऱ्यावर गेली आणि घागरीच तेवढ्या सापडल्या, भरलेल्या. ती झऱ्यातच मिसळली, असं म्हणतात.

आजही आपल्या गावात बाजारातून शाम्पू आणा, सीरम आणा, शहरातून कितीही मोठ्या नावाची बाटली आणा, आधी वाटी मांडतात. दुकानदारसुद्धा "कुठलं देऊ?" विचारत नाही, "बुडतो की तरंगतो?" विचारतो. परवाच यशवंताची नवी सून आली, केस यंत्रानं सरळ करून करून जाळलेले. सासूनं तिला ओसरीवर बसवलं, वाटी पुढे सरकवली. केस बुडाला. सून कावरीबावरी झाली. सासू हसली आणि आत ओरडली, "अगं, नारळ फोडा! आपलीच आहे ही!"

आणि कार्तिकातल्या त्या दिवशी, मिठागरं सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आता वस्तरा नसतो. गावातल्या सगळ्या बाया, म्हाताऱ्यांपासून परकऱ्या पोरींपर्यंत, बांधावर येऊन केस मोकळे सोडतात. ज्यांचे आजारपणात गेलेत, त्यांना मधोमध बसवतात आणि त्यांच्या डोक्यावर पहिलं तेल गावातली सगळ्यात लहान मुलगी घालते. तेव्हा खाडीवरून वारा हमखास सुटतो. उद्याच आहे तो दिवस. लवकर उठा, पोरींनो!