ओंडक्यावरचं शेवाळ

एका घराच्या ओसरीवर काचेची एक टाकी होती. टाकीत पुष्कळ गप्पी मासे होते आणि एक मोठा मासा होता. आणला तेव्हा तोही गप्पींएवढाच होता, सगळ्यांत मिळूनमिसळून राहायचा. मग तो वाढला आणि त्याची भूकही वाढली. दुपारी घर झोपलं की तो कोपऱ्यातून निघायचा. तो परत फिरेपर्यंत गप्पींमधला एक कमी झालेला असायचा.

मासे कमी होताहेत हे घरच्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी नदीतून वाहत आलेला एक ओंडका उकळून, भिजवून टाकीत ठेवला. त्यावर थोडं जिवंत शेवाळ पसरून दोऱ्याने बांधलं.

"दोरा कुजेपर्यंत शेवाळ लाकडाला धरेल," त्या म्हणाल्या. "मग दाट होईल. लपायला बरं."

शेवाळ तेव्हा एवढंसंच होतं. एक पोटुशी मासोळी रोज त्याच्यापाशी येऊन बघायची. मागच्या खेपेचं तिचं एकही पिल्लू वाचलं नव्हतं. या वेळीही लपायला जागा मिळाली नाही तर काय होणार, हे तिला ठाऊक होतं.

एका दुपारी मोठ्या माशाची सावली अगदी अंगावरून सरकली. रंगीत शेपटीचा एक गप्पी पांढराफटक पडला. त्याने शेवाळाचा एक झुपका तोडला आणि अंगावर ओढून घेतला.

"अरे, तोडू नकोस," मासोळी म्हणाली. "अजून लाकडाला धरलं नाही ते."

"ते धरेपर्यंत मी उरायला नको का? तू तुझं बघ, वहिनी. मी माझं बघतो."

आणि खरंच, मोठा मासा त्याच्याकडे न बघता निघून गेला. झालं, दुसऱ्या दिवशी सगळेच शेवाळावर तुटून पडले. जो तो आपापला झुपका घेऊन गेला. कुणी वाळूवर दडला, कुणी पंपामागे. ओंडक्यावर दोऱ्याखाली चिमूटभर शेवाळ उरलं.

भीती काय मासोळीला नव्हती? तिनेही एक झुपका तोंडात धरला. पण तेवढ्याने तिची पिल्लं झाकली गेली नसती. तिने तो सोडला आणि ती त्या चिमूटभर शेवाळापुढे उभी राहिली. कुणी तोडायला आलं की शेपटीने हाकलायची.

"सगळ्यांसाठीच आहे ते, पण वाढू तर द्या," ती सांगायची. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं.

मोठा मासा मात्र मूर्ख नव्हता. लाकडापासून सुटलेला झुपका एका जागी राहत नाही. पंपाचं पाणी त्याला ढकलतं आणि खालचा मासा त्याच्यामागे धावतो. दोन-चार दुपारी मोठ्या माशाने हे नुसतं पाहिलं. मग त्याला समजलं की जिथे झुपका हलतो, तिथे खाली जेवण असतं. त्यानंतर त्याला कुणाला शोधावंच लागलं नाही.

इकडे दोरा कुजून गळाला, तरी शेवाळ जागचं हललं नाही. ते इतकं दाट वाढलं की मोठ्या माशाचं तोंड आत शिरेना. मासोळीची पिल्लं तिथेच जन्मली. तो बाहेरून एका गोल डोळ्याने आत बघत राही आणि पिल्लं आईला चिकटून राहत.

आता बाहेर एकटा रंगीत शेपटीचा गप्पी उरला होता. एका दुपारी तो धापा टाकत आला.

"वहिनी, मला आत घे."

"ये की. पण आधी तो झुपका सोड. झुपका हलला की मोठा मासा तुझ्या मागे येतो."

गप्पीला झुपका सोडवेना. इतके दिवस आपण याच्याच आधाराने जगलो, असं त्याला वाटत होतं.

"सोड, भावोजी. मागे बघू नकोस, सोड."

"सोडतो. थोडं थांब," तो म्हणाला, आणि झुपका आणखी घट्ट धरला.

पाणी एकदम काळोखलं. मासोळीने पिल्लांना आत ओढलं. थोड्या वेळाने पाणी निवळलं, तेव्हा नुसता झुपका तरंगत वर चालला होता.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: भीतीपोटी जो तो आसऱ्याचा तुकडा तोडून नेऊ लागला, तर आसराही राहत नाही आणि तुकडाही वाचवत नाही.