टिचकी चालली ताईचा स्वेटर आणायला

एक होती उंदरी. एवढीशी. नाव तिचं टिचकी.
टिचकीला होती मोठी ताई. नाव तिचं शेवंता.

थंडी पडली. शेवंताताईनं स्वेटर काढला. डोकं घातलं. एक हात घातला. दुसरा हात घातला. आणि...
फर्रर्र!
स्वेटर फाटला.

"अगंबाई!" आई म्हणाली. "शेवंता तेरा वर्षांची होणार ना! केवढी वाढली! वाढदिवसाला तिला नवा स्वेटर. पुढून उघडणारा. बटणांचा."
बाबा म्हणाले, "आमची शेवंता मोठी झाली!"
"आणि मी?" टिचकी म्हणाली.
कुणी ऐकलंच नाही.
टिचकीच्या पोटात दुखलं. गुडगुड, गुडगुड!
टिचकी कोपऱ्यात बसली. मुसुमुसु रडली.

आई म्हणाली, "टिचके, डोळे पूस. ताईचा स्वेटर तूच निवडून आण. पण ऐक हं. कुणाला रडवून केलेला नको."

टिचकी निघाली. गाल फुगवून निघाली.
तुरुतुरु, तुरुतुरु!

बाजारात होतं कावळ्याचं दुकान. तिथे होता लाल लाल स्वेटर.
"लोकर कुणाची?" टिचकीनं विचारलं.
"कुणाची का असेना!" कावळा म्हणाला.
"विणला कुणी?"
"कुणी का विणेना!"
"मेंढी रडली का?"
"रडली असेल! तुला काय? घे की!"

टिचकीनं स्वेटर हातात घेतला. टुच! टोचला.
'टोचू दे ताईला,' टिचकीला वाटलं.
पण मेंढी रडली असेल. रडताना कसं वाटतं, ते टिचकीला ठाऊक होतं. आत्ताच तर रडली होती ती!
टिचकीनं स्वेटर खाली ठेवला.
तुरुतुरु, तुरुतुरु!

बाभळीखाली राहायची साळूमावशी. साळू म्हणजे साळिंदर. अंगावर काटेच काटे! त्यातलेच दोन काटे घ्यायची आणि विणत बसायची. टिकटिक, टिकटिक.

टिचकी म्हणाली,
"साळूमावशी, साळूमावशी, स्वेटर विण.
स्वेटर ताईला होईल."

"शेवंताला? किती गोड गाते गं ती!"
टिचकीच्या पोटात दुखलं. गुडगुड, गुडगुड!
"विणीन की," साळूमावशी म्हणाली. "पण लोकर कुठाय? आधी लोकर आण, मग विणीन."

तुरुतुरु, तुरुतुरु!
टिचकी गेली मेंढीकडे.

"मेंढीबाई, मेंढीबाई, लोकर दे.
साळूमावशी स्वेटर विणेल.
स्वेटर ताईला होईल."

"शेवंताला? काय भरभर पळते गं ती!"
टिचकीच्या पोटात दुखलं. गुडगुड, गुडगुड!
"देईन की," मेंढीबाई म्हणाली. "पण मी उपाशी. उपाशीपोटी लोकर कशी देऊ? आधी गवत आण, मग देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु!
टिचकी गेली कुरणाकडे.

"कुरणदादा, कुरणदादा, गवत दे.
मेंढीबाई लोकर देईल.
साळूमावशी स्वेटर विणेल.
स्वेटर ताईला होईल."

"शेवंताला? मिशा किती ऐटदार गं तिच्या!"
टिचकीनं आपल्या मिशा चाचपल्या. इवल्या इवल्या.
पोटात दुखलं. गुडगुड, गुडगुड!
"देईन की," कुरणदादा म्हणाला. "पण मी सुकलोय. आधी पाणी आण, मग देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु!
टिचकी गेली पाटाकडे. पाटातून पाणी कुरणाला जायचं. पण आज पाट गप्प होता.

"पाटोबा, पाटोबा, पाणी दे.
कुरणदादा गवत देईल.
मेंढीबाई लोकर देईल.
साळूमावशी स्वेटर विणेल.
स्वेटर ताईला होईल."

"शेवंताला? शहाणी गं ती!"
टिचकीच्या पोटात दुखलं. गुडगुड, गुडगुड!
"देईन की," पाटोबा म्हणाला. "पण माझ्या तोंडात पाला अडकलाय. पाला काढ, मग देईन."

टिचकीनं पाला ओढला. हुश्श! पाला हलेना.
पुन्हा ओढला. टिचकीच पडली. धप्प!
पाटोबा म्हणाला, "खेकड्याला बोलाव. त्याच्या नांगीत जोर आहे."

तुरुतुरु, तुरुतुरु!
टिचकी गेली खेकड्याकडे.

"खेकडेदादा, खेकडेदादा, पाला काढ.
पाटोबा पाणी देईल.
कुरणदादा गवत देईल.
मेंढीबाई लोकर देईल.
साळूमावशी स्वेटर विणेल.
स्वेटर ताईला होईल."

खेकडा म्हणाला, "ताई राहू दे. तू कोण?"
टिचकी बघतच राहिली. हे कुणी विचारलंच नव्हतं!
"मी टिचकी," ती म्हणाली.
"टिचके, पाला काढीन की. पण ही बघ माझी नांगी."

नांगीला गुंडाळला होता पतंगाचा मांजा. घट्ट घट्ट. नांगी उघडेना.
"सगळे म्हणतात, खेकड्या, हे काढ. खेकड्या, ते उचल. माझी नांगी दुखते, ते कुणी बघतच नाही."
"माझ्याकडे पण कुणी बघत नाही," टिचकी म्हणाली.
"मग तू माझ्याकडे बघ. मी तुझ्याकडे बघतो."

टिचकी जवळ बसली. दात लावले.
कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!
मांजा तुटला. नांगी उघडली. खट्ट!

मग काय!
खेकड्यानं पाला काढला. सर्रर्र!
पाटोबानं पाणी दिलं. खळखळ!
कुरणानं गवत दिलं. लवलव!
मेंढीनं गवत खाल्लं. मचमच! पोट भरलं.
"आता घे लोकर," मेंढीबाई म्हणाली. "पण हळू हं. आणि थोडी मला ठेव. मलाही थंडी वाजते."
टिचकीनं हळूहळू लोकर कुरतडली. मेंढीला झाल्या गुदगुल्या.
"में में में!" मेंढी हसली.

साळूमावशीनं सूत काढलं. काटे घेतले. टिकटिक, टिकटिक. हात दुखले की मावशी थांबायची. टिचकी 'लवकर कर' म्हणायची नाही. तिच्याशेजारी बसायची.

पाठ झाली. बाह्या झाल्या. बटणं लागली.
स्वेटर झाला! मऊ मऊ. मेंढीच्याच रंगाचा.

टिचकीनं घालून बघितला. बाह्या लोंबल्या. गळा आला नाकावर.
'इतकं सगळं मी केलं,' टिचकीला वाटलं. 'आणि स्वेटर ताईला!'
गुडगुड, गुडगुड! फार फार दुखलं.
'लपवूनच ठेवते!'

टिचकी थांबली. थांबून राहिली.
साळूमावशीनं ताईसाठी विणला होता. मेंढीबाईनं ताईसाठी लोकर दिली होती.
टिचकीनं घडी घातली. डोक्यावर घेतली.
तुरु... तुरु... तुरु... तुरु...

वाढदिवस आला. शेवंताताईनं स्वेटर घातला. एक हात. दुसरा हात. बटणं लावली. टप, टप, टप.
"किती छान दिसते शेवंता!" आई म्हणाली.
"किती छान दिसते शेवंता!" बाबा म्हणाले.
टिचकी खाली बघत उभी राहिली.

तेवढ्यात ताई म्हणाली, "अगं, हा टोचतच नाही! टिचके, कुठून आणलास?"
सगळे टिचकीकडे वळले. आई वळली. बाबा वळले. शेजारची घूसकाकूसुद्धा वळली.
ताईनं टिचकीला उचललं. डब्यावर उभं केलं. "सांग ना गं!"

टिचकीनं छाती फुगवली.
"मी मांजा कुरतडला.
खेकडेदादानं पाला काढला.
पाटोबानं पाणी दिलं.
कुरणदादानं गवत दिलं.
मेंढीबाईनं लोकर दिली.
साळूमावशीनं स्वेटर विणला.
आणि कुणी कुणी रडलं नाही!"

"बाई बाई बाई!" घूसकाकू म्हणाली.
"एवढं सगळं तू केलंस?" बाबा म्हणाले.
"एवढीशी माझी टिचकी!" आईनं तिला जवळ घेतलं.
आणि शेवंताताई? ती समोर बसली मांडी घालून. म्हणाली, "पुन्हा सांग!"
टिचकीनं पुन्हा सांगितलं.
"पुन्हा!"
टिचकीनं पुन्हा सांगितलं. खेकड्याची नांगी करून दाखवली. मेंढीचं हसू करून दाखवलं. सगळे हसले, आणि टिचकी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

टाक्याला टाका, टाक्याला टाका,
गोष्ट विणली, आता द्या मुका!