ठिपकी मुंगी आणि चारची बस

करंगळीचं नख दाखव बघू. त्याच्या टोकाएवढी होती ठिपकी मुंगी.

ठिपकी राहायची डब्यात. डिंकाच्या लाडवांच्या डब्यात! ठिपकी, तिची आई आणि खूप खूप लाडू. मज्जाच की नाही?

डबा होता क्षिप्राच्या घरचा. क्षिप्रा सुट्टीत युरोपला निघाली. डबाही निघाला. सांगली सोडली, विमानात बसला. भुर्रर्र! थेट बर्फाच्या डोंगरात.

आज सुट्टी संपली. डोंगराखालच्या स्टेशनात क्षिप्राने लाडू खाल्ला. एक कण खाली पडला. टप्!

"अय्या, कण! आईला देते." ठिपकी डब्यातून उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु. पण आईला "येते" म्हणायचं विसरली. असं करतं का कुणी? बाहेर पडताना "येते" म्हणायचं असतं ना?

तेवढ्यात क्षिप्राचे बाबा ओरडले, "चला चला! चार वाजता डोंगरावरून बस. मग विमान. मग सांगली!"

क्षिप्राने डबा उचलला. सगळे लाल गाडीत चढले. कूऽऽ! गाडी गेली डोंगरावर.

ठिपकी राहिली खाली. आई गेली वर.

आणि मग? धप्प! डोंगरावरून बर्फ कोसळला. रूळ गायब! भोंगा ओरडला, "सगळ्या गाड्या बंद! सगळ्या गाड्या बंद!"

टक टक. तीन वाजले. अगं बाई! चार वाजता बस गेली, तर आई जाणार थेट सांगलीला. 

ठिपकीने कण डोक्यावर घेतला. तुरुतुरु गेली निळ्या गाडीकडे.

"गाडीताई, गाडीताई, मला वर ने ना!"

"मी नाही जा! इंजिन बर्फ लोटेल, तर मी सुटेन."

तुरुतुरु गेली बर्फ लोटणाऱ्या इंजिनाकडे.

"इंजिनदादा, इंजिनदादा,
गाडी सुटेना,
मी आईकडे जाऊ कशी?"

"मी नाही जा! काका चालवतील, तर मी लोटेन."

तुरुतुरु गेली ड्रायव्हरकाकांकडे. काका बाकावर कुडकुडत बसले होते. नाक लालेलाल.

"काका, काका,
इंजिन लोटेना,
गाडी सुटेना,
मी आईकडे जाऊ कशी?"

"मी नाही जा! बोटं बघ माझी, वाकत नाहीत. किटली चहा देईल, तर मी उठेन."

टक टक. सव्वातीन.

तुरुतुरु गेली किटलीकडे.

"किटलीबाई, किटलीबाई,
काका उठेनात,
इंजिन लोटेना,
गाडी सुटेना,
मी आईकडे जाऊ कशी?"

"मी नाही जा! चूल पेटेल, तर मी उकळेन."

तुरुतुरु गेली चुलीकडे. चूल गार. फुंकर मारली, तर नुसती राख!

"चुलीबाई, चुलीबाई,
किटली उकळेना,
काका उठेनात,
इंजिन लोटेना,
गाडी सुटेना,
मी आईकडे जाऊ कशी?"

"मी नाही जा! मावशी लाकडं देईल, तर मी पेटेन."

टक टक. साडेतीन. पळ गं ठिपके, पळ!

तुरुतुरु गेली लाकडंवाल्या मावशीकडे.

"मावशी, मावशी,
चूल पेटेना,
किटली उकळेना,
काका उठेनात,
इंजिन लोटेना,
गाडी सुटेना,
मी आईकडे जाऊ कशी?"

"मी नाही जा! केवढा हा बर्फ, अगं बयो! कुत्रा घसरगाडी ओढेल, तर मी लाकडं देईन."

तुरुतुरु गेली कुत्र्याकडे. कुत्रा झोपलेला. घुर्रर्र, घुर्रर्र.

"कुत्रेदादा, कुत्रेदादा,
मावशी लाकडं देईना,
चूल पेटेना,
किटली उकळेना,
काका उठेनात,
इंजिन लोटेना,
गाडी सुटेना,
मी आईकडे जाऊ कशी?"

कुत्र्याने एक डोळा उघडला.

"मी नाही जा! पोटात कावळे ओरडताहेत. खाऊ मिळेल, तर मी उठेन."

खाऊ? खाऊ कुठून आणायचा?

ठिपकीच्या डोक्यावर कण होता. एकच कण. तुपातला, गुळातला. पण तो तर आईसाठी होता!

टक टक. पावणेचार.

ठिपकीला रडू आलं. तिने कण खाली ठेवला. "घे, दादा. पण लवकर ऊठ."

कुत्र्याने कण हुंगला. चाटला. लप्! कान उभे! शेपटी उभी! "भू! सांगलीचा लाडू लय भारी!"

मग काय!
कुत्र्याने घसरगाडी ओढली, सर्रर्र!
मावशीने लाकडं दिली, खडखड!
चूल पेटली, भक्क!
किटली उकळली, खळखळ!
काका चहा प्यायले, फुर्रर्र! आणि उठले.
इंजिनाने बर्फ लोटला, खर्रर्र!
निळी गाडी सुटली, कूऽऽ!

ठिपकी खिडकीत बसली. बोगदा आला. काळाकुट्ट! वळण आलं. मग अजून एक वळण. बस गेली असेल का गं? आई गेली असेल का?

वरचं स्टेशन आलं. बस उभी होती! पण घर्रर्र, सुरू झालेली.

बाबा म्हणत होते, "क्षिप्रा, चढ गं लवकर!"

"थांबा ना बाबा. डब्यावर एक मुंगी नुसती गोल गोल फिरतेय. तिचं काहीतरी हरवलंय."

ठिपकी धावली. बुटावर चढली. मोज्यावर चढली. कोटावर चढली. डब्यावर चढली.

"आई!"

आईने तिला घट्ट धरलं. सोडेचना.

"आई, तुला कण आणणार होते. तो दिला मी. रिकामीच आले."

"वेडाबाई! डबाभर लाडू आहेत माझ्याकडे. ठिपकी एकच आहे."

"आणि आई, 'येते' म्हणायचं राहिलं."

"मग आता 'आले' म्हण."

ठिपकीने मोठ्ठा श्वास घेतला. "आई, आऽऽले!"

टण्ण टण्ण टण्ण टण्ण! चार वाजले. बस सुटली.