रक्तपेढीचं कुलूप

जालन्याच्या रक्तपेढीसाठी सुनेत्रा घुगे सॉफ्टवेअर बांधत होती, तेही कुणालाही पाहता-सुधारता येईल अशा खुल्या कोडवर. तेवढ्यात एका बड्या कंपनीचे संचालक दाभाडे येऊन थडकले. विश्वस्तांसमोर ऐटीत म्हणाले, "हिचं काम म्हणजे सताड उघडं घर! आमचं बघा, कसं कडेकोट कुलपात!"

विश्वस्तांच्या माना डोलू लागल्या. सुनेत्राने शांतपणे विचारलं, "साहेब, किल्ली कुणाकडे?"

"अर्थात आमच्याकडे!"

"आणि उद्या रक्तपेढीला आपली माहिती घेऊन बाहेर पडायचं झालं तर?"

"आमची परवानगी घ्यायची."

सुनेत्रा हसली. "आतून कडी असते त्याला घर म्हणतात, साहेब. बाहेरून कुलूप आणि किल्ली परक्याच्या खिशात, त्याला कोठडी म्हणतात!"

विश्वस्त खदखदून हसले. काम सुनेत्राकडेच राहिलं.