भुरी समुद्र ओलांडते

एका राज्यात पोपट न्यायनिवाडा करीत, कासवं निरोप वाहत, आणि त्याचं कुणाला नवल नव्हतं. तिथली राजकन्या कुंदावती समुद्रापारच्या बेटावर दिली. पालखी गेली, दागिने गेले, दाई गेली. राहिली ती भुरी, तिची कुत्री. बेटावर काळजंघ मांत्रिकाचा शाप होता: चार पायांचं जे उतरेल, त्याची शिळा होईल. गाई-घोडे किनाऱ्यावर दगड होऊन पडले होते. म्हणून कुंदावतीने भुरीला दूधभात घातला, आणि ती झोपल्यावर चोरासारखं जहाज गाठलं.

बेटावर सुख होतं. काय जाळायचंय त्या सुखाला! माहेरी भुरी तिच्या पायांवर हनुवटी टेकून निजायची. पावसात भिजून यायची, तेव्हा महालभर ओल्या केसांचा वास सुटायचा. अत्तराच्या कुप्या उघडून कुंदावती तोच वास शोधत बसे.

सासूबाई म्हणत, "कुत्रं ते, सूनबाई! एखादा मोर पाळ."

"मोर पायाशी निजतो का, सासूबाई?"

एके दिवशी टिटवी आली. म्हणाली, "भुरीने अन्न सोडलंय. धक्क्यावर पडून असते. आता तिला उठवतही नाही."

कुंदावती तडक काळजंघाकडे गेली. "शाप काढ."

"तीन कामं कर, निघेल. समुद्राच्या पोटातून गोडं पाणी आण."

तिने कासोटा खोचला, बुडी मारली, तळाच्या झऱ्यातून घागर भरून आणली.

"या दगडांतले जीव कोणते, सांग."

तिने एकेकावर तळहात ठेवला. जिथे ऊब लागली, तिथे कुंकू लावलं. एकही चुकला नाही.

काळजंघ हसला. "आता तुझी कुत्री या वाळूवर चालव."

"शिळा झाली तर?"

"तर तू हरलीस."

आणावी तर दगड, न आणावी तर उपाशी मरण. कुंदावतीने डोळे पुसले आणि टिटवीला सांगितलं, "कासवाला पाठव."

कासवाच्या पाठीवरून भुरी आली. बरगड्या मोजून घ्याव्यात. कुंदावतीला बघून शेपूट हलली, आणि ती उतरायला पाय उचलते तोच किनाऱ्यावर आलेल्या सासूबाई कडाडल्या, "थांब! जिवावर उदार होऊन दारात आलेलं, तसंच घेतेस? भाकरतुकडा ओवाळ आधी!"

दाईने भाकरी धावत आणली. कुंदावतीने तुकडा भुरीवरून ओवाळला आणि दूर भिरकावला. आता ओवाळून टाकलेलं कुणी खात नाही. पण कुत्रीला कोण सांगणार? तिने झेप घेतली, हवेतच तुकडा गिळला आणि चारी पायांवर वाळूत उतरली.

"अगं बया! इडापिडा खाल्ली मेलीने!" सासूबाई ओरडल्या.

भुरीने ढेकर दिला. पाय पायच राहिले. शाप तिच्या पोटात जाऊन जिरला होता.

आजवर जनावरं माल म्हणून उतरवली होती; दारात आलेलं म्हणून कुणी ओवाळलंच नव्हतं. आता दगडांतून गाई हंबरल्या, घोडे अंग झाडून उठले. बेटाच्या राजाने काळजंघाच्या हाती दावी दिली. "जनावरं तू दगड केलीस, आता तूच राख."

कुंदावती भुरीला कवटाळायला धावली. भुरीने तिच्याकडे पाठ केली आणि समुद्राकडे तोंड करून बसली. सांगून गेली असतीस तर?

कुंदावती शेजारी वाळूत बसली. "रुस," ती म्हणाली, "हवं तेवढं रुस. पण इथे बसून रुस."

ज्याचं जिवाचं कुणी मागे राहिलं असेल, त्याचं तेही असंच रुसायला जवळ येवो.